आज्ञापंक्तीतील विकल्प आणि अधिकाराचा क्रम

संगणकाला एका ओळीत दिलेली आज्ञा हे वरवर पाहता अतिशय क्षुद्र असे विधान वाटते. तथापि त्या ओळीची घटना व्याकरणाच्या दृष्टीने तपासली असता तीत वाक्याचे सर्व प्रमुख घटक आढळतात. प्रारंभी येणारे प्रोग्रॅमचे नाव हे क्रियापद होय. ज्या फाइलींवर वा नावांवर क्रिया घडावयाची ती कर्मे होत. आणि क्रिया कोणत्या रीतीने व्हावी हे सांगणारे, बहुधा आडव्या रेघेने सुरू होणारे जे शब्द मध्ये येतात ते क्रियाविशेषणाचे काम करतात. या शब्दांनाच ऑप्शन किंवा विकल्प म्हणतात. याखेरीज त्या ओळीत मुळीच न दिसणारा, परंतु तिच्या अर्थावर शासन चालविणारा आणखी एक घटक असतो. कॉन्फिगरेशन फाइलींत आणि शेलच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये अगोदरच नोंदून ठेवलेल्या सेटिंग्ज हा तो घटक होय.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात या दोन्ही गोष्टींचा विचार दुय्यम मानला जातो. मुख्य काम आधी सिद्ध व्हावे आणि विकल्पांची सोय मागाहून जोडावी, अशी रीत सर्रास दिसते. ही दृष्टी अपुरी आहे. एखाद्या स्क्रिप्टचे वर्तन ठरविणारे पक्ष अनेक असतात : तिचा लेखक, ज्या यंत्रावर ती बसविली आहे त्याचा व्यवस्थापक, तिचा नित्याचा वापरकर्ता, आणि त्या वापरकर्त्याची त्या क्षणाची विशिष्ट इच्छा. यांपैकी कोणाचा शब्द कोणत्या प्रसंगी अखेरचा मानावयाचा, याचा निर्णय विकल्पांच्या आणि सेटिंग्जच्या हाताळणीत होत असतो. म्हणजे येथे प्रश्न मुख्यतः अधिकाराचा आहे. सोयीचा भाग त्या मानाने गौण होय. या प्रश्नाचे उत्तर चुकले असता काय घडते, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

या संकेतांचा उगम योजनापूर्वक झालेला नाही. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी उभारलेल्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीची पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाची आहे. तीत फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस' या आज्ञेस एल, टी, ए, एस आणि डी असे पाचच विकल्प दिलेले आढळतात, आणि त्यांतील प्रत्येक एकाच अक्षराचा आहे. या काटकसरीचे कारण बऱ्याच अंशी यंत्रात होते. त्या काळी वापरात असलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला अवघी १० अक्षरे छापीत असे. तेथे लांबलचक शब्द लिहिणे कोणालाच परवडण्याजोगे नव्हते. परंतु रेघ आणि अक्षर ही जी लकब पडली, तिला सर्वमान्य नियमाचे रूप नव्हते. प्रत्येक प्रोग्रॅम आपले विकल्प आपल्या परीने वाचीत असे.

त्या अवस्थेचे अवशेष आजही टिकून आहेत. 'डीडी' ही आज्ञा नाव, बरोबरीचे चिन्ह आणि मूल्य अशा जोड्या घेते. तिच्या रचनेवर आयबीएमच्या जेसीएल या भाषेची छाप स्पष्ट दिसते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील 'टार' आपली अक्षरे रेघेवाचून स्वीकारते. 'पीएस' या आज्ञेचे उदाहरण तर विशेष उद्बोधक आहे. बर्कलीच्या परंपरेप्रमाणे तिच्यापुढे 'एयूएक्स' ही अक्षरे रेघेवाचून लिहिली असता सर्वांच्या चालू प्रक्रिया तपशिलासह दिसतात. त्याच अक्षरांपूर्वी रेघ दिली की प्रमाण नियमाप्रमाणे 'यू' हा मूल्य घेणारा विकल्प ठरतो आणि 'एक्स' नावाच्या वापरकर्त्याच्या प्रक्रिया मागितल्या, असा अर्थ निघतो. लिनक्सवरील 'पीएस' त्या नावाचे कोणी नसल्यास पहिला अर्थ गृहीत धरू शकते. म्हणजे एकाच वाक्याचा अर्थ त्या यंत्रावर कोणाकोणाची खाती आहेत यावर अवलंबून राहिला. यंत्राची ही समयसूचकता माणसाला क्षणभर सुखावते. परंतु जी आज्ञा स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवावयाची आणि वर्षानुवर्षे न पाहता चालवावयाची, तिच्या बाबतीत असले औदार्य घातक होय.

या अराजकाला शिस्त लावण्याचा प्रयत्न दोन दिशांनी झाला. पहिली दिशा 'गेटऑप्ट' या छोट्या फंक्शनची. एटी अँड टी या कंपनीने १९८५ साली डलास येथील युनिफोरम परिषदेत त्याचा मूळ पाठ सर्वांस खुला केला आणि निरनिराळ्या प्रोग्रॅमांना विकल्प वाचण्याची एक समान रीत मिळाली. पुढे १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात आज्ञांच्या रचनेचे मार्गदर्शक नियम लिखित स्वरूपात आले. विकल्पाचे नाव एका अक्षराचे वा अंकाचे असावे; मूल्य न घेणारे विकल्प एकाच रेघेमागे एकत्र लिहिता यावेत; विकल्पाला मूल्य असेल तर ते ऐच्छिक नसावे; सर्व विकल्प कर्मांच्या आधी यावेत; नुसत्या दोन रेघांनी विकल्पांची समाप्ती सूचित व्हावी : हे त्यांतील प्रमुख नियम होत. या नियमांची थोरवी त्यांच्या अल्पाक्षरत्वात आहे. ते वाचणाऱ्या यंत्राला क्वचितच तर्क करावा लागतो. त्यांची उणीवही तेथेच आहे. 'एफ' या एका अक्षराचा अर्थ एका आज्ञेत जबरदस्तीने, दुसरीत फाइल आणि तिसरीत रकाना असा होतो. नियम वाक्यरचनेचा झाला. शब्दार्थाचा झाला नाही.

दुसरी दिशा ग्नू प्रकल्पाची. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेल्या या प्रकल्पाने दोन रेघांनी सुरू होणाऱ्या पूर्ण शब्दांच्या विकल्पांचा पुरस्कार केला आणि प्रत्येक प्रोग्रॅमने '--हेल्प' व '--व्हर्शन' हे दोन विकल्प ओळखलेच पाहिजेत, असा दंडक घातला. या दंडकाचे महत्त्व वरवर दिसते त्याहून अधिक आहे. अनोळखी आज्ञेला तिचे काम न करविता तिच्याविषयी विचारता येणे, हा वापरकर्त्याचा पहिला हक्क त्याने मान्य केला. मदतीचा मजकूर मागितला असता तो मुख्य निर्गमावर यावा आणि प्रोग्रॅमने यशस्वी म्हणून थांबावे. हा बारकावाही अर्थपूर्ण आहे. मागितलेली माहिती हे उत्तर असते. उलटपक्षी चुकीच्या विकल्पामुळे दाखविलेली सूचना ही तक्रार असते, आणि तिने त्रुटींच्या निर्गमावर जाऊन शून्येतर संकेतांक मागे ठेवला पाहिजे. पुष्कळ स्क्रिप्ट हे दोन प्रसंग एकच समजतात. परिणामी, चुकीचा विकल्प दिलेली आज्ञा यशस्वी झाली अशा समजुतीने पुढील आज्ञा चालू राहतात.

तथापि ग्नू परंपरेतील दोन सवलती टीकेस पात्र आहेत. पहिली म्हणजे विकल्प आणि कर्मे यांची सरमिसळ चालू देण्याची. कर्म लिहून झाल्यावर आठवलेला विकल्प शेवटी जोडता येतो, ही टंकन करणाऱ्या माणसाची मोठी सोय. परंतु तिच्यामुळे ओळीतील कोणतेही स्थान कर्मासाठी निर्भय राहत नाही. दुसरी सवलत लांब नाव संक्षेपाने लिहिण्याची. एखाद्या प्रोग्रॅमला '--व्हर्बोज' हा एकच विकल्प त्या आद्याक्षरांचा असेल तर '--व्हर' एवढे लिहिणे पुरते. उद्या त्याच प्रोग्रॅममध्ये '--व्हर्शन' आला की तोच संक्षेप संदिग्ध ठरतो आणि जुनी स्क्रिप्ट मोडते. तिच्या लेखकाने एक अक्षरही बदललेले नसते. पायथन भाषेतील 'आर्गपार्स' या ग्रंथसंग्रहात हा संक्षेप बंद करण्याची सोय २०१५ मध्ये ३.५ या आवृत्तीत करण्यात आली, हे या दोषाची जाणीव झाल्याचेच गमक होय. यावरून एवढा विवेक निष्पन्न होतो की, हाताने लिहिताना एकाक्षरी विकल्प आणि संक्षेप क्षम्य असले तरी स्क्रिप्टमध्ये, जेथे ते उपलब्ध असतील तेथे, पूर्ण नावेच लिहावीत. ओळ एकदा लिहिली जाते आणि अनेकदा वाचली जाते. वाचणाऱ्यास तिचा अर्थ पुस्तिका न उघडता कळला पाहिजे.

येथपर्यंतचा विचार शुद्धलेखनाचा म्हणता येईल. खरा धोका क्रियाविशेषण आणि कर्म यांची सीमारेषा पुसली जाते तेथे उभा राहतो. फाइलीचे नाव रेघेने सुरू होण्यास युनिक्समध्ये कोणतीही आडकाठी नाही. निर्देशिकेतील सर्व फाइली पुसण्यासाठी 'आरएम' या आज्ञेपुढे तारकाचिन्ह लिहिले, तर शेल त्या चिन्हाच्या जागी फाइलींची नावे घालते. आणि त्यांत '-आरएफ' अशा नावाची फाइल असेल तर ते नाव कर्म न राहता विकल्प बनते. जिच्यावर क्रिया व्हावयाची तीच वस्तू क्रियेची रीत ठरवू लागते. यावर उपाय दोनच : कर्मांपूर्वी समाप्तिसूचक दोन रेघा लिहिणे, किंवा नावापूर्वी चालू निर्देशिकेचा बिंदू व तिरपी रेघ जोडून ते रेघेने सुरू होऊ न देणे.

हा केवळ तर्ककुशलांचा खेळ नव्हे. मे २०१२ मध्ये पीएचपीच्या सीजीआय रूपातील एक दोष उघड झाला. वेब पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढील मजकूर, त्यात बरोबरीचे चिन्ह नसल्यास, प्रोग्रॅमला आज्ञापंक्तीतील शब्द म्हणून पोहोचत होता. साहजिकच दूरच्या अनोळखी माणसाने पत्त्यापुढे '-एस' लिहिले की पृष्ठाऐवजी त्याचा मूळ पाठ हाती येई, आणि '-डी' या विकल्पाने तर तो पीएचपीच्या सेटिंग्जच बदलू शके. ऑगस्ट २०१७ मध्ये गिट, मर्क्युरिअल आणि सबव्हर्शन या तिन्ही प्रणालींत एकाच जातीचा दोष आढळला. भांडाराच्या पत्त्यातील यजमान यंत्राचे नाव रेघेने सुरू केले असता 'एसएसएच' त्यास नाव न समजता विकल्प समजे, आणि त्या विकल्पाच्या द्वारे वापरकर्त्याच्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालविता येई. गिटने रेघेने सुरू होणारी यजमाननावे नाकारून हा दोष दूर केला. दोन्ही प्रसंगी मूळ चूक एकच होती. परक्याने पुरविलेल्या मजकुराला स्वामीच्या वाणीचा अधिकार मिळाला.

आता सेटिंग्जकडे वळले असता हाच अधिकाराचा प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. स्क्रिप्टमध्ये लिहिलेले डिफॉल्ट मूल्य, सर्व यंत्रासाठी असलेली कॉन्फिगरेशन फाइल, वापरकर्त्याची स्वतःची फाइल, एन्व्हायर्नमेंटमधील चल आणि आज्ञापंक्तीतील विकल्प या पाच ठिकाणी एकाच गोष्टीविषयी पाच भिन्न विधाने असू शकतात. रूढ क्रम असा की, यांतील प्रत्येक पुढचे विधान मागच्यास बाधते. हा क्रम यादृच्छिक नाही. पूर्वमीमांसेत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या या सहा प्रमाणांत पुढचे पुढचे दुर्बळ मानले आहे, कारण ते अर्थापासून उत्तरोत्तर दूर जाते. साक्षात् उच्चारलेला शब्द संदर्भावरून काढलेल्या अनुमानास बाधतो. आज्ञापंक्तीतील विकल्प हा असाच साक्षात् शब्द होय. तो कृतीच्या क्षणी, कृती करणाऱ्यानेच उच्चारलेला असतो. कॉन्फिगरेशन फाइल ही पूर्वी केव्हातरी, सामान्य परिस्थिती गृहीत धरून लिहिलेली असते. जवळचे विधान दूरच्या विधानाहून बलवान् मानणे, हेच या क्रमाचे तत्त्व आहे.

तत्त्व एकच असले तरी त्याची अंमलबजावणी भिन्न असू शकते, हे दोन सुप्रसिद्ध प्रोग्रॅमांच्या तुलनेवरून दिसते. गिट आपल्या फाइली दुरून जवळ अशा क्रमाने वाचते, म्हणजे आधी यंत्राची, मग वापरकर्त्याची, मग त्या भांडाराची. आणि शेवटी वाचलेले मूल्य ग्राह्य धरते. 'एसएसएच' याच्या उलट जवळून दूर जाते. आज्ञापंक्ती, वापरकर्त्याची फाइल, यंत्राची फाइल, असा तिचा क्रम असून प्रथम सापडलेले मूल्य कायम होते. दोन्ही वाटा एकाच मुक्कामी पोहोचतात. परंतु फाइल लिहिणाऱ्याने हा भेद ओळखला नाही तर घोटाळा ठरलेला. 'एसएसएच'च्या फाइलीत सर्वांसाठीचा सामान्य नियम आरंभी लिहिला, तर खालचे विशेष नियम निष्फळ होतात. तेथे उत्सर्गाने अपवादाच्या मागे उभे राहिले पाहिजे.

सामान्य स्क्रिप्टमध्ये हे तत्त्व मोडते ते बहुधा अज्ञानाने नव्हे, तर ओळींच्या क्रमामुळे. लेखक प्रथम विकल्प वाचतो, त्यांची मूल्ये चलांत ठेवतो, आणि नंतर कॉन्फिगरेशन फाइल वाचतो. ती फाइल त्याच चलांवर आपली मूल्ये लिहिते. वापरकर्त्याने आता उच्चारलेला शब्द मागे पडतो आणि गतवर्षी लिहिलेला शब्द प्रभावी ठरतो. फाइल आधी वाचावी, हा सरळ उपाय. पण फाइलीचा मार्गच विकल्पातून द्यावयाचा असेल तर ती विकल्पांच्या आधी वाचता येत नाही. यासाठी आज्ञापंक्ती दोनदा चाळावी लागते : पहिल्या फेरीत फक्त फाइलीचा मार्ग शोधावा, फाइल वाचावी, आणि दुसऱ्या फेरीत उरलेले विकल्प लागू करावेत. किंवा विकल्पांची मूल्ये पृथक् चलांत राखून सर्व वाचून झाल्यावर ती वर चढवावीत. आणखी एक सूक्ष्म दोष होय-नाही स्वरूपाच्या सेटिंग्जमध्ये आढळतो. फाइलीत एखादी गोष्ट चालू ठेवली असेल आणि आज्ञापंक्तीत ती चालू करण्याचाच विकल्प असेल, तर ती बंद करण्याची भाषाच वापरकर्त्यापाशी उरत नाही. म्हणून ज्या सेटिंगला फाइलीत स्थान आहे तिच्या प्रत्येक चालू करणाऱ्या विकल्पास '--नो' या उपसर्गाचा प्रतिपक्ष असला पाहिजे. ज्यास नकार देता येत नाही, त्याचा अधिकार नाममात्र होय.

कॉन्फिगरेशन फाइल वाचण्याच्या रीतीविषयीही येथे लिहिणे प्राप्त आहे. शेल स्क्रिप्टमध्ये सर्वांत सोपी रीत म्हणजे ती फाइल बिंदूच्या आज्ञेने स्क्रिप्टमध्येच ओढून घेणे. एका ओळीत काम होते आणि नाव-मूल्यांच्या जोड्या आपोआप चलांत येतात. परंतु अशाने ती फाइल सेटिंग्जची यादी न राहता प्रोग्रॅमचा भाग बनते. तीत लिहिलेली कोणतीही आज्ञा स्क्रिप्टच्या अधिकाराने चालते. स्क्रिप्ट आणि फाइल यांचा स्वामी एकच असेल तर ही रीत निंद्य म्हणता येणार नाही. पण फाइल एकाची आणि स्क्रिप्ट चालविणारा दुसरा, विशेषतः मूळ अधिकारी म्हणून चालविणारा, असा प्रसंग असेल तर प्रत्येक ओळ मजकूर म्हणून वाचावी, नाव ठाऊक असलेल्यांपैकी आहे की नाही ते पाहावे, आणि अनोळखी नाव दिसताच तक्रार करावी. पासवर्डासारखे गुप्त मूल्य मात्र आज्ञापंक्तीत मुळीच घेऊ नये, कारण चालू प्रक्रियांच्या यादीत ते एरवी इतरांच्याही दृष्टीस पडते. त्याचे स्थान मर्यादित परवानगीच्या फाइलीत असावे.

सर्वांत गंभीर प्रश्न उरतो तो मौनाचा. कोणीच काही सांगितले नाही, किंवा सांगितलेले मूल्य रिकामे निघाले, तर काय करावे? जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या प्रणालीच्या स्क्रिप्टने याचे भयंकर उत्तर दिले. आपण कोणत्या निर्देशिकेत आहोत हे शोधून ती स्क्रिप्ट एका चलात ठेवीत असे, आणि एका प्रसंगी त्या चलापुढे तिरपी रेघ व तारका जोडून तेथील सर्व काही पुसत असे. निर्देशिका हलविल्यामुळे शोध फसला, चल रिकामे राहिले, आणि आज्ञेचा अर्थ मुळापासून सर्व काही पुसावे असा झाला. त्या ओळीवर मूळ लेखकाने 'भीतिदायक' अशा अर्थाची टिप्पणी लिहून ठेवली होती. धोका दिसला होता. त्याचे रूपांतर नियमात झाले नव्हते. न नेमलेल्या चलावर थांबविणारी शेलची 'सेट -यू' ही सोयही येथे पुरी पडली नसती, कारण चल नेमलेले होते, फक्त रिकामे होते. चलाच्या नावापुढे विसर्गचिन्ह आणि प्रश्नचिन्ह जोडण्याची शेलमधील लेखनरीत दोन्ही अवस्थांत स्क्रिप्ट थांबविते. पाच-सहा अक्षरांच्या या खर्चात कित्येकांची निर्देशिका वाचली असती.

यावर असा आक्षेप येईल की, दहा ओळींच्या स्क्रिप्टवर एवढे ओझे लादणे अव्यवहार्य आहे. आक्षेपात तथ्य आहे. शेलमधील 'गेटऑप्ट्स' लांब नावे जाणत नाही; ती हवी असल्यास स्वतः चक्र लिहावे लागते किंवा पायथनसारख्या भाषेकडे जावे लागते. जी स्क्रिप्ट एकच माणूस एकदाच चालविणार, तिला पाच पायऱ्यांचा अधिकारक्रम नको. तथापि लहान स्क्रिप्ट लहान राहत नाहीत. त्या मोठ्या कामांच्या पोटात शिरतात आणि रात्रीच्या वेळी कोणी न पाहता चालतात. म्हणून विस्ताराची सक्ती नसली तरी तीन गोष्टींची असावी : अनोळखी विकल्प निमूटपणे गिळू नये, कर्मांपूर्वी समाप्तीची खूण ठेवावी, आणि विनाशक आज्ञेच्या आधी रिकामे मूल्य नाकारावे. '--हेल्प' हे चौथे कर्तव्य सौजन्याचे आहे. पण दुसऱ्याच्या हाती देण्याच्या स्क्रिप्टमध्ये त्याची गणना या तिन्हींबरोबरच झाली पाहिजे.

एकंदरीत, पॉझिक्सने वाक्यरचना दिली, ग्नूने शब्द दिले. परंतु अनेक विधानांतून निष्पन्न झालेला निर्णय कोणाच्या शब्दावरून झाला हे सांगण्याची जबाबदारी बराच काळ कोणीच घेतली नव्हती. गिटने २०१६ मध्ये, २.८ या आवृत्तीत, प्रत्येक सेटिंगपुढे ती कोणत्या फाइलीतून आली हे दाखविण्याचा विकल्प आणला. याचे मोल मोठे आहे. आज्ञा पाळणारे यंत्र पुष्कळ आहे. ती आज्ञा कोणाची होती हे विचारल्यावर सांगू शकणारे यंत्र विरळा. स्क्रिप्टचे परीक्षण करताना तिने काम केले की नाही याच्या जोडीने हा दुसरा प्रश्न विचारला जाईल, तेव्हाच विकल्पांच्या हाताळणीस तिचे योग्य स्थान मिळाले असे म्हणता येईल.